पाव घटकेची कवडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की मनगटाला वेळ बांधून फिरायचं अजून कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं. तेव्हा एक राज्य होतं. त्याच्या तीन बाजूंना डोंगर होते, आणि चौथ्या बाजूने त्या राज्यातली नदी दर वर्षी उड्या मारत पळून जायची. उन्हाळ्यात लोक हंडे घेऊन तिला शोधत फिरायचे. शेवटी राजाने ठरवलं, हिला अडवायचीच.

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांनो, जरा सरसावून बसा. या गोष्टीत एक भिंत आहे, एक भोक पडलेली वाटी आहे, आणि दोन कवड्यांसाठी भर रांगेत भांडणारा एक राजा आहे. हो, दोनच कवड्यांसाठी!

धरणाची भिंत बांधायचं काम सटवाजी गवंड्याला मिळालं. सटवाजीसारखा गवंडी दहा राज्यांत नव्हता. पण काम घेताना त्याने तीन रात्री विचार केला, कारण त्या राज्यात एक रीत होती. धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं की ते बांधणाऱ्या गवंड्याने बायकामुलांसह भिंतीच्या पायथ्याशी जेवायला बसायचं. वर सगळं पाणी, खाली ताट. ताटातला शेवटचा घास संपेपर्यंत पायथा सोडायचा नाही. सोडला, तर त्याने पुन्हा आयुष्यात थापी हातात धरायची नाही.

"भिवरा, बसशील का माझ्याबरोबर?" सटवाजीने बायकोला विचारलं.

"भिंत तुम्ही बांधनार न्हवं? मंग बसंन की," भिवरा म्हणाली. "चिमीलाबी बसवू." चिमी म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक.

झालं, काम सुरू झालं. दोनशे माणसं कामाला लागली. कुणी दगड घडवत होतं, कुणी टोपल्या वाहत होतं, कुणी बैलाच्या घाण्यात चुना मळत होतं. ही माणसं गावोगावची होती. कुणी जवळचं, कुणी पलीकडच्या खोऱ्यातलं, कुणी तान्ह्या पोराला निजवून येणारं. त्यामुळे येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी आणि जाण्याचीही वेगळी. मग मजुरी द्यायची कशी?

त्याची सोय ठमाआजीकडे होती. ठमाआजी एका झाडाखाली पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ घेऊन बसायची. घंगाळात तांब्याची एक हलकी वाटी तरंगायची. वाटीच्या तळाला सुईएवढं भोक होतं. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं, आणि वाटी भरली की बुडायची. वाटी बुडाली की एक घटका झाली. आजी काशाच्या थाळीवर टोला हाणायची, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची. सूर्य उगवला की पहिली वाटी पाण्यावर सुटायची आणि मावळेपर्यंत तीस वाट्या बुडायच्या.

वाटीच्या आत तीन रेघा कोरलेल्या होत्या. पाव, अर्धी आणि पाऊण. मजूर आला की आजी वाटीत डोकावून ओरडायची आणि लेखनिक लिहून घ्यायचा. जाताना पुन्हा तसंच. एका घटकेला चार कवड्या, म्हणजे पाव घटकेला एक कवडी. टोपलीवाली कोंडाबाई दीड घटकेला आली आणि पावणेसत्तावीस घटकेला गेली, तर काम झालं सव्वापंचवीस घटका, आणि मजुरी एकशे एक कवड्या. हिशेब सरळ होता, भांडण नव्हतं. भिंत वर चढत होती, गाणी म्हटली जात होती आणि अर्धी भिंत कशी झाली ते कुणाला कळलंही नाही.

आणि मग नवा कारभारी आला!

तो चोर नव्हता हं. एक कवडी स्वतःच्या खिशात घालणारा माणूस नव्हता तो. पण खजिन्यातली कवडी वाचली की त्याला गोड झोप लागायची. हातात काठी, कानावर बोरू, आणि नजर सदा वहीत. दोनशे माणसांची पाव, अर्धी, पाऊण लिहिताना त्याचं डोकं फिरलं.

"ही कटकट कशाला?" तो म्हणाला. "आलं माणूस, की पुढच्या टोल्यापासून धरायचं. गेलं माणूस, की मागच्या टोल्यापर्यंत धरायचं. पुऱ्या घटका तेवढ्या मोजा. पाव घटकेने काय राज्य बुडणार आहे?"

त्याने वाटी मागवली आणि कासाराकडून आतल्या तिन्ही रेघा घासून काढल्या. वाटी आतून लख्ख झाली. ठमाआजी तिच्याकडे कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

त्या दिवशी कोंडाबाई नेहमीसारखी दीड घटकेला आली आणि पावणेसत्तावीसला गेली. कारभाऱ्याने दोनपासून सव्वीसपर्यंत मोजल्या. चोवीस घटका, शहाण्णव कवड्या.

"आन् माज्या पाच कवड्या?" कोंडाबाईने विचारलं.

"त्या घटका पुऱ्या कुठे होत्या?" कारभारी म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं.

कोंडाबाईने शहाण्णव कवड्या पदरात बांधल्या. पण दोनशे माणसांनी दोन-चार दिवसांत हिशेब शिकून घेतला, आणि कारभाऱ्यापेक्षा पक्का शिकला. सकाळी लवकर पोचलेली माणसं टोला पडेपर्यंत झाडाखाली पाय पसरून बसू लागली. संध्याकाळी निघायच्या बेताला टोला पडला रे पडला, की हातातली टोपली हातातून सुटायची. डोक्यावरचा दगड होता तिथे खाली यायचा. पुढच्या टोल्यापर्यंत थांबायचं नसेल, तर त्याच्या आधीचं काम फुकटच जाणार होतं ना?

आता, बाकी सगळं थांबतं, पण चुना थांबत नाही. मळलेला चुना ओला आहे तोवर दगडात बसला पाहिजे. आधी माणसं उरलेला चुना संपवून, हात धुऊन घरी जायची. त्याला पाव घटका लागायची, कधी अर्धी. आता टोला पडला की चुना दगडी डोणीत तसाच राहू लागला. रात्रभर सुकायचा. सकाळी टाकून द्यायचा, तर कारभारी नासाडीचे पैसे कापायचा. म्हणून त्यातच पाणी घालून, ढवळून, नव्या थराचे पहिले चार दगड त्यावर बसायचे. दिसायला सगळं छान दिसायचं. पकड मात्र गेलेली असायची.

सटवाजीला हे दिसत होतं. तो कारभाऱ्याकडे गेला.

"साहेब, चुना थाळी ऐकत न्हाई. मागची पाव घटका धरा मानसांची. भिंतीच्या जिवावर येईल हे."

"भिंत तू बघ, हिशेब मी बघतो," कारभारी वहीतून डोकं न काढता म्हणाला. "महाराजांनीसुद्धा शाबासकी दिली आहे मला."

तेही खरं होतं. खजिना वाचला म्हणून राजाने त्याला भर दरबारात शेला दिला होता. सटवाजीला राग आला. असा राग, की तो पुन्हा त्या विषयावर बोललाच नाही. टोला पडला की त्यानेही थापी ठेवायला सुरुवात केली. मोठ्या माणसांचे रुसवे लहान मुलांच्या रुसव्यांहून महाग पडतात ते असे.

भिंत पुरी झाली. नदी अडली, पाणी चढलं. एके दिवशी धरण काठोकाठ भरलं आणि राजाने जेवणाचा दिवस ठरवला.

काय गर्दी लोटली म्हणून सांगू! काठावर ढोल वाजत होते, पोरं झाडांवर चढली होती. जेवण तिसऱ्या प्रहराचं होतं. भिंतीच्या पायथ्याशी तीन पाट मांडले. सटवाजी बसला, भिवरा बसली, चिमी मध्ये बसली. ताटांत दूधभात वाढला. वर काठावर राजा उभा होता, शेजारी शेला पांघरलेला कारभारी, आणि झाडाखाली नेहमीच्या जागी ठमाआजी आणि तिची वाटी.

सटवाजीने पहिला घास उचलला.

टप्.

"बाबा, माज्या भातात पानी पडलं," चिमी म्हणाली.

सटवाजीने वर पाहिलं. भिंतीवर एक ओला डाग होता. त्याच्या वर आणखी एक. त्याच्या वर आणखी एक! बघता बघता डाग जिन्याच्या पायऱ्यांसारखे थेट माथ्यापर्यंत उमटत गेले. पहिल्या डागातून पाण्याची बारीक धार सुटली. मग दुसऱ्यातून. मग धाडकन एक दगड सुटून चिमीच्या पाटापासून हातभर अंतरावर आदळला!

काठावर किंकाळी उठली. ढोल बंद पडले.

"भिवरा, चिमीला घे आन् पळ!" सटवाजी ओरडला.

"आन् तुम्ही?"

"मी पायथा सोडला तर थापी सुटली."

"मंग मीबी हितंच," भिवरा म्हणाली आणि चिमीचं ताट उचलून तिच्या हातात दिलं. "धर गं घट्ट. सांडू नको."

सटवाजी उठला. पायथा सोडायचा नाही असं रीत सांगत होती, हात चालवायचे नाहीत असं कुणी म्हटलं होतं? त्याने कमरेची थापी काढली आणि काठाकडे तोंड करून गरजला, "ताजा चुना! काथ्या! मोरी उघडा! वरनं पान्याच्या अंगानं माती टाका, पानीच ती भोकात वढून न्हेईल!"

आणि मंडळी, इथे मला सांगायला आजही आनंद होतो, की त्या दोनशे माणसांतल्या एकानेही वाटीकडे पाहिलं नाही. कुठला टोला आणि कुठली घटका! कोंडाबाई सगळ्यात पुढे होती. टोपल्या हातोहात धावू लागल्या. दहा जण मोरीचा, म्हणजे धरणातलं पाणी सोडायच्या वाटेचा, दरवाजा उचलायला भिडले. बायका वरच्या बाजूने चिकणमाती ओतू लागल्या. आणि त्या सगळ्यांत मुकुट काठावर फेकून राजाही खाली उतरला! अंगरखा कमरेला खोचून त्याने चुन्याची टोपली डोक्यावर घेतली. पहिल्याच खेपेला तो घसरला आणि चुन्याने नखशिखान्त माखला. पण उठला आणि पुन्हा टोपली घेतली.

भोकात काथ्या ठोका, वर चुना लिंपा. धार थांबली की पुढचं भोक. सटवाजी पायथ्याशीच टेकवलेल्या उंच शिडीवर चढून, भिंतीला बिलगून काम करत होता. जेवण संपता कामा नये म्हणून भिवरा मधूनच शिडी चढून त्याच्या तोंडात दूधभाताचा एक शीतभर घास घालायची.

"हळू भरव," सटवाजी घास गिळत म्हणाला. "अजून लय डाग हाईत. भात पुरला पायजे!"

त्या गोंधळातही माणसं हसली. मोरी कुरकुरत उघडली. पाणी उतरू लागलं. एक डाग, दुसरा डाग, दहावा, विसावा. बावीस घटका झाल्या, तेवीस झाल्या, पंचवीस झाल्या. शेवटची एकच धार उरली. पण ती सगळ्यात जाड होती.

तेवढ्यात ठमाआजीची वाटी बुडाली आणि थाळीवर सत्ताविसावा टोला पडला.

आणि काय झालं म्हणता? दोनशे माणसांचे हात थांबले! कुणाची टोपली हवेत राहिली, कुणाची हातातून सुटून खाली पडली. मनाने कुणी थांबलं नव्हतं. हातांनाच तशी सवय लागली होती. खुद्द सटवाजीची थापी खाली आली होती. समोर पाण्याची धार उसळत होती आणि सगळे पुतळ्यासारखे उभे होते.

"अरे, थांबलात का?" चुन्याने माखलेला राजा ओरडला.

कोंडाबाईने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तीच दचकली. "थाळी वाजली वो," ती म्हणाली. "पार मेले हे हात!" आणि तिने पडलेली टोपली पुन्हा उचलली. मग सगळे एकदम हलले. पाव घटकेत शेवटची धार बंद झाली. भिंत उभी राहिली.

सटवाजीने ताटातला शेवटचा घास खाल्ला, ताट धुतलं आणि मग पायथा सोडला. काठावर असा जल्लोष झाला की डोंगरांनी तो तीन वेळा परत पाठवला!

आता कारभाऱ्याचं ऐका. तो कामचुकार नव्हता. काम झालं की मजुरी द्यायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याने लगेच वही उघडली, कवड्यांची पिशवी सोडली आणि रांग लावली. राजाने हे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तोही गुपचूप रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे-मागे सगळेच चुन्याने पांढरे झालेले होते. कोण राजा आणि कोण टोपलीवाला, कसं कळणार?

"केव्हा आलास?" कारभाऱ्याने मान खाली घालूनच विचारलं.

"ठमाआजी, मी केव्हा आलो?" राजाने विचारलं.

आजीने त्याला आवाजावरून ओळखलं. पण चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. "पावनेबावीस घटका झाल्या हुत्या," ती म्हणाली. "वाटीतल्या रेघा गेल्या, माजे डोळे न्हाई गेले."

"आणि काम थांबवलंस केव्हा?" कारभाऱ्याने विचारलं.

"सव्वासत्तावीसला," आजी म्हणाली.

"बावीसपासून सत्तावीस," कारभारी पुटपुटला. "पाच घटका. वीस कवड्या. पुढचा."

राजा हलला नाही. त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "पावणेबावीस ते सव्वासत्तावीस म्हणजे साडेपाच घटका होतात. बावीस कवड्या. माझ्या दोन कवड्या कुठे गेल्या?"

"त्या घटका पुऱ्या नव्हत्या."

"पुऱ्या नव्हत्या?" राजाचा आवाज चढला. "पहिल्या पावात मी तोंडावर पडलो! शेवटच्या पावात ती मोठी धार बुजली! सगळ्या दिवसातली तीच तर खरी मेहनत होती, आणि तीच तू गाळतोस? माझ्या दोन कवड्या टाक!"

कारभाऱ्याने वैतागून मान वर केली. समोरच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यातले डोळे त्याने ओळखले, आणि त्याच्या हातातला बोरू गळून पडला.

मग मागून सटवाजी पुढे आला. "म्हाराज, चूक माजीबी हाय. मला दिसत हुतं, मी रुसून बसलो. पन येक डाव भिंतीकडं बघा. डाग मोजा."

राजाने मोजायला सुरुवात केली. दोनशे माणसं त्याच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. एक! दोन! तीन! वरच्या भागातल्या प्रत्येक थरात एकच लिंपलेला डाग होता. पायापासून अर्ध्या भिंतीपर्यंत, जिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त, तिथे एकही नव्हता. वरच्या अर्ध्या भिंतीवर मात्र पस्तीस! छत्तीस! सदतीस!

"रोज एक थर चढायचा," सटवाजी म्हणाला. "नवा हिशेब लागू होऊन किती दिस झाले हुते, वहीत बघा."

कारभाऱ्याने पानं उलटली. त्याने एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, आणि भिंतीकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाला, "सदतीस."

वह्या दोन होत्या म्हणायच्या. एक कारभाऱ्याची, आणि एक त्या भिंतीची. कारभाऱ्याने जे लिहायचं सोडलं होतं, ते भिंतीने रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं.

राजाने कारभाऱ्याच्या खांद्यावरच्या शेल्याकडे पाहिलं. "हा मीच दिला होता," तो म्हणाला. "तेव्हा शिक्षा तुला एकट्याला कशी देऊ?"

त्याच दिवशी सदतीस दिवसांची कापलेली प्रत्येक पाव, अर्धी आणि पाऊण घटका ज्याची त्याला परत मिळाली. वाटीतल्या तिन्ही रेघा पुन्हा कोरल्या गेल्या, आणि त्या कारभाऱ्याने स्वतः आजीसमोर बसून कोरल्या. सटवाजीने वरच्या भिंतीतले ते सगळे दगड काढून ताज्या चुन्यात पुन्हा बसवले. माणसं टोला पडल्यावरही उरलेला चुना संपवून, हात धुऊन घरी जाऊ लागली.

पुढच्या वर्षी धरण पुन्हा काठोकाठ भरलं. ढोल वाजले, पोरं झाडांवर चढली. पायथ्याशी सटवाजी, भिवरा आणि चिमी पाटावर बसली. पण या वेळी त्यांच्या शेजारी आणखी दोन पाट मांडले होते. राजाने रीतच बदलली होती. ज्याने भिंत बांधली तो तर बसेलच, पण ज्याने मजुरी मोजली तो कारभारीही बसेल, आणि ज्याने त्या मोजणीला मान दिला तो राजाही बसेल.

कारभारी पाटावर बसला, पण पहिला घास त्याच्या हातातच राहिला. सारखा वर भिंतीकडे बघत होता. शेवटी चिमीने त्याच्या ताटात वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "कोरडं हाय की. जेवा आता!"

तेव्हा कुठे तो हसला, आणि पोटभर जेवला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कष्टाचा वेळ, तो कामाला लागल्यापासून हात धुईपर्यंत, पुरा मोजावा; हिशेबातून आपण जेवढा गाळतो, तेवढाच तो कामातून गळतो आणि एक दिवस आपल्याच माथ्यावर येतो.